एका बाजूनं सैल राहिलेली जाळी

हरणानं गुलाब खाल्ला की मला लांबूनच कळतं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळं ते फांदी कापत नाही, ओढून तोडतं, आणि तुटलेल्या टोकाला साल लोंबत राहते. सशानं खाल्लं तर कात्रीनं तिरकं कापल्यासारखं दिसतं. शेळीचंही हरणासारखंच असतं, पण शेळीच्या मागं कुणीतरी माणूस असतो, त्याच्याशी भांडता येतं. हरणाचं तसं नाही. ते सरकारचं असतं, आणि सकाळी सहा वाजता बागेत उभं राहून आपल्याकडं असं बघतं की भांडण आपणच विसरतो.

मी दिलावर बागवान. आमच्या घराण्यात नावाला साजेसं काम करणारा मी एकटाच. बाकीचे सगळे फळांच्या गाड्यावर. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या अलीकडं आमचं गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर हरणांचा डोंगर. पस्तीस वर्षं त्या डोंगराखालच्या गावांमधून मी लोकांच्या बंगल्यांच्या बागा राखल्या. नोकरीतून निवृत्त होऊन गावी घर बांधणारा माणूस पहिल्यांदा काय करत असेल तर पुढं लॉन आणि गुलाब लावतो. मग मला बोलावतो. आणि पहिल्या हिवाळ्यात हरणं आली की पुन्हा बोलावतो, तेव्हा त्याचा आवाज बदललेला असतो.

हा डोंगर माझ्या तरुणपणी बोडका होता. नुसता मुरूम आणि दगड. रोजगार हमीच्या कामावर मी तिथं खड्डे काढलेत, रोपं लावलीत. मगदूम गुरुजी तेव्हा आमच्या गावच्या शाळेत होते. ते दर शनिवारी शाळा सुटली की मुलांना घेऊन डोंगरावर यायचे, कळश्यांनी पाणी घालायचे. झाडं जगली, गवत वाढलं, मग कुंपण घालून तिथं हरणं सोडली. ती बघायला सगळा गाव गेला होता, मीही गेलो होतो. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर पहिलं हरीण बाहेर यायलाच तयार नव्हतं. गुरुजी सगळ्यांना गप्प बसायला सांगत होते आणि स्वतःच पुटपुटत होते, "ये, ये, कुणी काही करत नाही."

ती हरणं वाढली. इतकी, की उन्हाळ्यात डोंगरावर त्यांना खायला पुरेना आणि ती कुंपणाच्या फटीतून, पडलेल्या तारेवरून खाली यायला लागली. शाळू, मका, हरभरा, उसाची कोवळी पानं, द्राक्षाचे शेंडे, आणि आमच्या बागा. शेतकऱ्यांपुढं आमचं दुःख मी कधी बोललो नाही. त्यांचं पोट जातं, आमचं फूल जातं. पण ज्याचं फूल जातं त्यालाही काहीतरी होतंच.

उपाय मी सगळे केलेत. न्हाव्याकडनं केस आणून पोत्यात भरून टांगले. जुन्या साड्या कुंपणाला बांधल्या. हरणं चार दिवस बिचकली, पाचव्या दिवशी एका हरणानं साडीचा पदरच चावून बघितला. नासक्या अंड्याचं पाणी फवारलं की पंधरा दिवस फिरकत नाहीत, पण घरातली माणसंही फिरकत नाहीत. कण्हेर, अडुळसा, निर्गुडी, सदाफुली ही झाडं हरीण सहसा खात नाही, म्हणून कडेनं तीच लावायची, हे मी सगळ्यांना सांगतो. लोक ऐकून घेतात आणि मधे जास्वंद लावतात. जास्वंद म्हणजे हरणाला पेढा.

इस्लामपूरकडचे एक डॉक्टर होते. डोंगराच्या पायथ्याला त्यांनी शेतघर बांधलं. हरणं आली की पाहुण्यांना दाखवायचे, फोटो काढायचे, मला म्हणायचे, "दिलावरभाई, ह्यांच्यासाठी पाण्याची कुंडी ठेवा." मी ठेवली. पुढच्या महिन्यात हरणांनी त्यांची विदेशातून आणलेली रोपं जमिनीलगत संपवली. त्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः कुंडी पालथी केली. आठवड्यानं मी गेलो तर कुंडी पुन्हा सुलटी आणि भरलेली. हरणांच्या बाबतीत आम्हा सगळ्यांचं असंच आहे.

पण मला सांगायचंय ते मगदूम गुरुजींबद्दल.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी ओढ्याच्या काठावर घर बांधलं आणि गुलाबाच्या नादाला लागले. नाद म्हणजे साधा नाही. एका गुलाबाचा पराग दुसऱ्यावर ब्रशनं लावायचा, फळ धरलं की बी काढायचं, ते पेरायचं आणि तीन वर्षं वाट बघायची. शंभरातली नव्वद रोपं मरतात, नऊ बिनकामाची निघतात. गुरुजींचं एक निघालं. फिकट पिवळं फूल आणि पाकळीची कड केशरी, जसं काही कुणी बोटानं हळद-कुंकवाची रेघ ओढलीय. वासही होता. त्याला नाव द्यायचं त्यांनी टाळलं होतं. "अजून दोन हंगाम बघू दे, दिलावर. घाईनं नाव ठेवलं की रोप बिघडतं," असं म्हणायचे. अशा गुलाबाची जात टिकवायची तर त्याचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला फुटवा, काढून जंगली गुलाबाच्या खोडावर बसवावा लागतो. ते काम माझं. पण डोळे भरायला फांदी तरी वाढली पाहिजे. हरणं ती वाढूच देत नव्हती.

गुरुजींचं घर जैन. अंड्याचं पाणी चालणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी लसणाचा अर्क काढून नेला. त्यांच्या पत्नी, कुसुमकाकू, मला म्हणाल्या की लसूणही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. शेवटी मी कडुनिंबाचं तेल आणि आंबवलेलं ताक मिसळून मारायला लागलो. ताकानं हरणं यायची थांबली नाहीत, पण गुलाबाची पानं तुकतुकीत झाली. गुरुजी हसत म्हणाले, आता त्यांना जास्तच आवडतील.

मी जाळीचं कितीदा सांगितलं. तासगावकडं द्राक्षबागांवर पाखरांसाठी नायलॉनची जाळी टाकतात, ती जुनी झाली की विकतात. आमच्या भागात निम्म्या बागांना तीच आहे. गुरुजी नको म्हणायचे. आपण ह्यांना बोलावून आणलं आणि आता दार लावायचं, हे त्यांना पटत नव्हतं. उलट सकाळी हरणं आली की ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे, आपल्या गुलाबाचे कळे जाताना बघायचे आणि दुपारी मला फोन करून हळहळायचे. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "एक तर हाकला तरी, नाहीतर रडू तरी नका."

मग गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. सांगलीच्या दवाखान्यातनं घरी आणलं तेव्हा दसरा होऊन गेला होता. गुलाबाची छाटणी ह्याच दिवसांत करतात, म्हणजे डिसेंबरात फुलं येतात. मी छाटणी केली. गुरुजींना व्हरांड्यात खुर्चीत बसवलेलं होतं. काकू मला मागच्या दारी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या की ह्यांना ते फूल ह्या वर्षी तरी बघू दे, पुढचं वर्ष कुणी बघितलंय. तुम्ही जाळी लावाच.

मी गुरुजींपुढं जाऊन उकिडवा बसलो. म्हटलं, "गुरुजी, एवढा एक हंगाम. फुलं झाली की मी सोता काढून न्हेतो." त्यांनी काकूंकडं बघितलं, मग बागेकडं. बऱ्याच वेळानं मान हलवली.

तासगावहून जाळी आणली. जाळी लावणं दिसतं तेवढं सोपं नाही. खांब रोवायचे, वरून तार ओढायची, जाळी तिच्यावर सोडायची आणि मग खालची कड दुसऱ्या तारेत ओवून ताणून खुंट्यांना बांधायची. सगळा जीव त्या खालच्या ताणात असतो. जाळी पत्र्यासारखी ताठ असली तर हरीण येऊन नाक लावतं आणि परत जातं. सैल असली तर त्याला ती दिसत नाही, आणि शिंग शिरलं की ते मान झटकतं, आणि झटकलं की जाळी गुंडाळत जाते. हे मी लोकांना शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेल्या कुणालाही विचारा.

तीन बाजू झाल्या. ओढ्याकडची चौथी बाजू वरून बांधली, तोवर दिवस मावळला. खाली हातभर जाळी तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ताणायची असं मी ठरवलं. पण सकाळी डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या मुलीचा साखरपुडा शेतघरावर होता, लॉन उखडलेलं होतं, माणसं घेऊन लगेच या म्हणाले. मी तिकडं गेलो. जाताना गुरुजींच्या घरावरून गेलो. थांबलो असतो तर अर्ध्या तासाचं काम होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी गुरुजींकडं पोचलो. काकू बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, दर्शनाला गेल्या होत्या. फाटकापाशीच मला गुरुजींचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता आवाज. आत गेलो तर ते व्हरांड्याच्या पायरीखाली पालथे पडलेले. खुर्चीतनं उतरून, एका हातावर शरीर ओढत, मी अवजारं ठेवायचो त्या भिंतीच्या फळीपर्यंत ते गेले होते आणि तिथून पायरीपर्यंत. डाव्या हातात माझी छाटणीची कात्री होती. कोपर सोललं होतं.

ओढ्याकडच्या जाळीत एक चितळ नर अडकला होता. शिंगं पूर्ण गुंडाळलेली, पुढचा एक पाय जाळीतच, जीभ बाहेर.

मी गुरुजींना उचलायला वाकलो. त्यांनी मला ढकललं. "आधी ते," म्हणाले. आजारपणानंतर इतका स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "आधी ते."

मी तरी त्यांना आधी उचलून पायरीला टेकवून बसवलं. मग कात्री घेऊन पळालो. शर्ट काढून हरणाच्या डोळ्यांवर टाकला, गुडघ्यानं त्याची मान दाबून धरली आणि एकेक धागा कापायला लागलो. त्याच्या काळजाची धडधड माझ्या मांडीला लागत होती. गळ्याशी धागा रुतून कातडं फाटलं होतं, माझे हात रक्तानं भरले. किती वेळ लागला सांगता येणार नाही. शेवटचा फास कापला, शर्ट काढला आणि बाजूला झालो. ते उठलं. चार पावलं गुलाबाच्या वाफ्यात चाललं. मग पुढच्या गुडघ्यांवर बसलं आणि आडवं झालं.

मी मागं बघितलं तर बागेच्या दगडी गडग्यापलीकडं पाच-सहा माणसं उभी होती. उघडा मी, हातात धारेची कात्री, रक्त, पुढ्यात मेलेलं हरीण, आणि नाव बागवान. एकानं मोबाइल काढला. दुसरा म्हणाला, "आरं, मारलं का काय ह्यानं?" ती गावातलीच माणसं, निम्म्यांच्या बागा मी लावलेल्या. कुणी काही वाईट म्हणालं नाही, पण कुणी आतही आलं नाही.

वनखात्याची गार्ड तासाभरात आली. तरुण बाई होती, शांत. पंचनामा लिहायला बसली. तोवर काकूही धावत आल्या होत्या, गुरुजींना धरून बसल्या होत्या. गार्डनं विचारलं, जाळी कुणी लावली? मी तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुजी बोलले. एकेक शब्द ओढून काढत, गडग्यापलीकडच्यांना ऐकू जाईल असे.

"जाळी माझी. मी सांगितली. हा सोडवायला आला."

गार्डनं ते तसंच लिहून घेतलं. मग तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की हरीण सोडवलं तरी पुष्कळदा जगत नाही, भीतीनंच त्याचं अंग आतून तापतं आणि काळीज बंद पडतं; तुम्ही डोळे झाकले हे बरोबर केलं. ती माझी समजूत घालत होती. जाळी सैल होती का, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. गाडीत घालून हरीण नेलं.

गुरुजींनी हातानं खूण केली, जाळी काढ. मी त्याच दिवशी सगळी काढली आणि घरामागं जाळून टाकली.

त्यानंतरही मी दर आठवड्याला जात होतो. गुरुजी व्हरांड्यातच असायचे. मी समोर गेलो की ते दुसरीकडं बघायचे. मी तब्येत विचारायचो, काकू उत्तर द्यायच्या. मला वाटायचं, त्यांना ठाऊक आहे. शाळेत पहिल्यापासून ते असेच होते. मुलानं चूक कबूल केली की संपलं, पण कबूल करेपर्यंत त्याच्याशी बोलायचे नाहीत. मी कबूल करायला दोनदा त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. दोन्ही वेळा खताबद्दल बोलून उठलो.

हरणं पुन्हा यायला लागली. पिवळ्या गुलाबाला त्या वर्षी सात कळे आले होते. मी रोज मोजायचो. सातवा कळा गेला त्या सकाळी मी बागेत होतो. एक मादी आणि तिचं पाडस आलं होतं. मी हाकलायला हात उचलला, तर व्हरांड्यातून गुरुजींनी काठी आपटली. मी हात खाली घेतला. ते खाऊन होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो, मी बागेतून आणि ते खुर्चीतून.

संक्रांतीनंतर गुरुजी गेले. त्यांनी ते फूल पुन्हा बघितलं नाही.

छाटणीच्या वेळी कापलेल्या काटक्यांतले डोळे मी घरी नेऊन जंगली खोडावर भरले होते. तीन भरले, एक जगला. तो मी गच्चीवर पत्र्याच्या डब्यात वाढवला. वर्षभरात काकूंनी घर विकलं आणि साताऱ्याला मुलीकडं राहायला गेल्या. दर दिवाळीला आमचा फोन व्हायचा. पाऊस, तब्येत, नातवंडं. त्यापलीकडं आम्ही गेलो नाही. मी रोपाचं बोलायचो, त्या आणा म्हणायच्या, मी पुढच्या वर्षी म्हणायचो.

ह्या वर्षी मी काम थांबवलं. कंबर साथ देत नाही. शेवटचं काम म्हणून तो गुलाब मोठ्या कुंडीत घातला, पोत्यात बांधला आणि यष्टीनं साताऱ्याला नेला. कंडक्टरनं कुंडीचं तिकीट मागितलं नाही, नुसतं विचारलं कसलं फूल आहे. मला नाव सांगता आलं नाही.

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. कुंडी गॅलरीत ठेवली. चहा झाला. काकू फार वाळल्यात. गुलाबाच्या पानावरनं बोट फिरवत बसल्या होत्या. मला वाटलं आता नाही तर कधीच नाही.

म्हटलं, "काकू, एक सांगायचं राहिलंय. वढ्याकडची जाळी मी सैल सोडली हुती. उद्या ताणतो म्हणून गेलो आन् डाक्टरांच्या लॉनवर दिसभर अडकलो. ताणली असती तर त्ये हरीण मेलं नसतं. गुरुजी त्याच रागात गेले."

काकूंनी पानावरचं बोट उचललं.

"त्यांनी बघितली होती," त्या म्हणाल्या. "आदल्या संध्याकाळी, खुर्चीतनं. मला म्हणाले, दिलावरला फोन कर, जाळी लोंबतेय. शब्द नीट येत नव्हते, तरी तीनदा म्हणाले. मी म्हटलं, येतील की ते उद्या-परवा. मी नाही केला फोन."



"मला वाटायचं, ते माझ्याशी बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी नाही. माझ्याशी. चार वर्षं झाली, मी लेकीलासुद्धा सांगितलं नाही."

आत नातवंडं टीव्ही बघत होती. मी विचारलं की गुरुजी त्याबद्दल कधीच काही म्हणाले नाहीत का. एकदाच म्हणाले, काकू म्हणाल्या. जायच्या आधी आठवडाभर. जाळीला मी मान हलवायला नको होती, एवढंच बोलले.

खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या. थोड्या वेळानं काकूंनीच विचारलं की ह्याची छाटणी कधी करायची. मी म्हटलं, आताच दिवस आहेत. पिशवीतनं कात्री काढून दिली आणि दाखवलं, बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघायचा आणि त्याच्या बोटभर वर तिरकं कापायचं. मी त्यांचा हात धरला नाही. पहिली फांदी त्यांनी कापली, जरा वेडीवाकडी. दुसरी कापायच्या आधी त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "इथं?"

मी म्हणालो, "व्हय काकू. हितंच."